नायगावच्या मांडवात एक रविवार

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, लोकलचा पास, गाडीची चावी, सगळं इथेच राहू द्या. जिथे जायचंय तिथे यातलं काहीच चालत नाही, आणि हातातला तो काळा चमकता तुकडा पाहून लोक तुम्हाला सरकारचा खबऱ्या समजतील. पायातले जाड तळव्यांचे बूट काढा, वहाणा घाला. पुरुष असाल तर धोतराऐवजी पायजमा चालेल, पण डोक्यावर टोपी हवीच. उघड्या डोक्याने फिरलात तर घरात कोण गेलं म्हणून विचारतील. बाई असाल तर नऊवारीला पर्याय नाही. नेसता येत नसेल तर चाळीतली कुणीही मावशी नेसवून देईल. आधी पोटभर हसेल, मग नेसवून देईल. कनवटीला दोन-चार आणे लावा, दिवस निघेल.

आता नायगावात, बीडीडी चाळींच्या आवारात उभे आहात तिथेच डोळे मिटा. समोर नव्या टॉवरचं काम चाललंय, क्रेनची कुरकुर ऐकू येतेय. ती थांबेपर्यंत डोळे उघडू नका.

थांबली? उघडा.

पहिल्यांदा जागं होतं ते नाक. मिसरी. कुठल्या तरी खोलीत तव्यावर तंबाखू भाजताहेत आणि तो तिखट, काळा वास जिन्यातून थेट तुमच्या घशात उतरतोय. खोकलात ना? सगळेच नवखे खोकतात. त्याच्यामागून भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास, मग रॉकेलचा, मग मजल्याच्या टोकाला असलेल्या संडासांचा. तुम्ही एका लांबलचक अंधाऱ्या बोळात उभे आहात. दोन्ही बाजूंना ओळीने दारं आहेत. मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ऐंशी, आणि एकट्या नायगावात अशा बेचाळीस चाळी. खोली 160 चौरस फुटांची. चाळी बांधून पंधराएक वर्षंच झालीत, सिमेंट अजून तरणं आहे. पण आत शिरलात की ती वर्षं शंभर वाटतात. भिंतीला हात लावा. दमट आहे. मे महिन्याचा शेवटचा दिवस, पाऊस समुद्रावर येऊन थबकलाय, हवेत पाणी आहे आणि वारा नाही. सदरा पाठीला आत्ताच चिकटला असेल.

एक गोष्ट ऐकू येत नाहीये, लक्षात आलं का? भोंगा. स्प्रिंग मिलचा नाही, कोहिनूरचाही नाही. रोज पहाटे या बोळातल्या माणसांना अंथरुणातून खेचून काढणारा तो आवाज आज गप्प आहे, कारण आज रविवार आहे. 31 मे 1936.

रविवारला गृहीत धरू नका. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, परळच्या सुपारीबागेत 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या एका गृहस्थांनी गिरणीकामगारांना गोळा केलं होतं. त्यांच्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या-अंगठे पडले. आठवड्यात एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, यंत्रात हात गेला तर बरा होईपर्यंत पगार. फार काही मागत नव्हते. रविवारची सुट्टी पदरात पडायला 1890 चा जून उजाडला. आज नायगावात जो जनसागर लोटणार आहे, तो त्या एका सुट्टीवर तरंगत येणार आहे. लोखंडे स्वतः जाऊन आता चाळीसेक वर्षं होत आली. या बोळातल्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक असेल, शंकाच आहे.

या, या खोलीत या. दार उघडंच असतं. वाकून या, दोरीवर कपडे आहेत. आत एक म्हातारी, तिचा थोरला, सून, तीन पोरं, गावाकडून आलेले दोन पाहुणे, आणि एक पाळीवाला भाडोत्री, जो रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. आज त्यालाही जाग आहे. तुम्ही दहावे. कुणी हरकत घेत नाही. पोरांना सरकवून तुम्हाला चटईचा कोपरा मिळतो. ॲल्युमिनियमच्या कपात काळा, गुळाचा चहा येतो. कान तुटलाय, जपून धरा.

थोरल्याशी बोला. तिशीचा असेल, त्रासन खात्यात सूत काततो. दंडावर, भुवईत, कानाच्या पाळीत कापसाचे बारीक तंतू आहेत; रविवारी आंघोळ करूनही जात नाहीत. त्याला विचारा, मागावर का नाही जात? विणकराला पगार जास्त असतो म्हणतात. तो हसेल. मग रिकामा हात तोंडाशी नेऊन ओठांनी काहीतरी ओढून घेतल्यासारखं करून दाखवेल. धोट्यातली कांडी संपली की नवी घालतात आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेतात. मग तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. म्हणून महाराच्या पोराला मागखात्यात प्रवेश नाही. मँचेस्टरहून आलेली यंत्रं, आणि त्यांच्या मधोमध गावकुसाची वेस.

1928 च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा धोट्याचा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. संप भरात असताना असलं काही काढणं कुणाला आवडतं? एकी फुटेल म्हणतात. पण ज्या एकीत कुणाचं तरी तोंड विटाळ ठरतं तिला एकी कशी म्हणायची, हा त्यांचा सवाल होता. थोरला त्या संपात सहा महिने उपाशी राहिलाय. त्याला ते आठवतं.

म्हातारी मात्र बोलत नाहीये. ती कोनाड्याकडे बघतेय. कोनाड्यात खंडोबाचे, बहिरोबाचे टाक आहेत, हळद लावलेले, वरून सुकलेलं एक फूल. आज महार परिषदेच्या मांडवात जे ठरणार आहे ते या कोनाड्यापर्यंत येणार, हे तिला ठाऊक आहे.

चला, उठा. गर्दी वाढण्याआधी निघालेलं बरं.

रस्त्यावर आलात की उन्हाची चपराक बसते. डांबर मऊ झालंय, वहाण क्षणभर चिकटून सुटते. दादरच्या बाजूने माणसांची रांग वाहतेय. ट्राम दादर टीटीपर्यंत येते, तिथून सगळे पायी. घाटावरचे लोक पागोट्यांवरून ओळखा. नाशिककडचे, साताऱ्याकडचे, पुण्याकडचे. पटका धुऊन घट्ट बांधलेला, पायात जाड चामड्याच्या वहाणा, त्यांचा करकर आवाज. कोकणातले अंगाने सडपातळ, पंचा खांद्यावर, आणि बोलताना सूर वर चढलेला. यांतले कित्येक आगबोटीने आलेत. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला आल्या आहेत. आत्ता आले नसते तर चार महिने येणं नव्हतं. बोटीच्या डेकवर रात्र काढल्याचा खारा, ओकारीचा वास अजून त्यांच्या घोंगड्यांना आहे. नाक मुरडू नका. तुम्ही एसी डब्यातून आला असाल, ते नाही.

भुईमुगाच्या शेंगा, ताडगोळे, लिमलेटच्या गोळ्या. फेरीवाल्यांना रविवार नसतो. एका बाजूला डफ-तुणतुणं घेऊन जलसेवाले उभे आहेत, तमाशाचा ठेका आणि त्यात शाळेत जा, दारू सोडा, मेलेलं जनावर ओढू नका असले बोल. पाय थिरकतील तुमचे, थिरकू द्या. पण थांबू नका, मागून धक्का येतोच आहे.

आणि हे पोलीस. नायगावात पोलिसांचीच मोठी वस्ती, त्यामुळे हाफ पँटीतले, निळ्या वर्दीतले शिपाई घरच्या अंगणात उभे असल्यासारखे पेंगताहेत. खरी शिस्त समता सैनिक दलाची पोरं लावताहेत. काठी आडवी धरून, घसा बसेपर्यंत ओरडून. त्यांचं ऐका.

मांडवाच्या तोंडाशी पाण्याची पिंपं आहेत. इथे जरा बाजूला उभे राहून बघा. तो म्हातारा पाहिलात? लांबून आलाय, ओठ फुटलेत. पिंपापाशी येतो, आणि दोन हात खाली ओंजळीसारखे धरून, मान वाकवून, अंतर राखून थांबतो. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. सत्तर वर्षांची सवय आहे शरीराची. स्वयंसेवक पोरगं वीस वर्षांचं असेल. क्षणभर त्याला कळतच नाही की हा असा का उभा आहे. मग कळतं. तो पेला बुडवून भरतो आणि म्हाताऱ्याच्या हातात देतो. म्हातारा पेल्याकडे बघतो, पोराकडे बघतो, मग गटागटा पितो आणि अर्धं पाणी सदऱ्यावर सांडतो. म्हणतो, ‘आनी दे.’

तुम्हीही प्या. आतमध्ये मिळणार नाही.

आत म्हणजे भट्टी. वर कापड, खाली सतरंज्या, मध्ये माणसं. माणसाला माणूस लागून. तुमचा उजवा गुडघा एका हमालाच्या मांडीखाली, डावं कोपर एका बाईच्या कडेवरच्या पोरात. बांबू, सुतळी, किंतान, घाम, तंबाखू, खोबरेल. ‘जनता’चे अंक घड्या घालून पंखे झालेत, हजारो हातांत एकाच लयीत हलताहेत. वारा येत नाही, पण बरं वाटतं. व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून हैदराबादचे व्यंकटराव बसलेत. काही अनोळखी चेहरेही दिसतात, पगड्या, दाढ्या. येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ हे आंबेडकरांनी जाहीर केल्यापासून सगळ्या धर्मांच्या लोकांना या समाजाची अचानक फार आठवण येऊ लागली आहे. तारा येताहेत, निमंत्रणं येताहेत, भेटायला माणसं येताहेत. तुम्ही आजच्या काळातले आहात. एका माणसाच्या शब्दावर इतकी माणसं वळणार असतील तर त्याच्या दाराशी काय काय येऊन उभं राहतं, हे तुम्हाला सांगायला नको.

तो माणूस आता येतोय. सगळे उठले म्हणजे तुम्हीही उठा, नाहीतर चिरडले जाल.

चित्रातल्यापेक्षा जाड आहेत, नाही? पंचेचाळीस वर्षांचे. सूट, चष्मा, चालताना थोडे दमलेले. उद्या सोमवारी हे सरकारी लॉ कॉलेजात प्राचार्यांच्या खुर्चीत बसतील. राहायला इथून जवळच, हिंदू कॉलनीत, पुस्तकांसाठी बांधलेल्या ‘राजगृहा’त. त्याआधी वर्षानुवर्षं परळच्या बीआयटी चाळीत, म्हणजे तुम्ही सकाळी पाहिलेल्या खोलीच्याच भावंडात. चार दिवसांपूर्वी रमाबाईंना जाऊन वर्ष झालं. रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं, फार मनात होतं त्यांच्या. यांनी नेलं नाही. जिथे देवळाबाहेर लांबूनच हात जोडावे लागणार, तिथे कशाला जायचं, आपण आपलं वेगळं पंढरपूर उभारू, असं सांगितलं म्हणतात. ते उभारायच्या आत रमाबाई गेल्या. मला ही गोष्ट ऐकून नेहमी थोडा राग येतो, एक दिवस नेलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटतं. पण आज हा माणूस पंढरीची वारी सोडा म्हणून मांडवातल्या हजारो घरांना सांगणार आहे, आणि त्याची किंमत त्याने आधी स्वतःच्या घरात मोजलेली आहे, हेही खरंच.

अजून एक, घाईघाईत सांगतो, ते बोलायला उभे राहायच्या आत. गेल्याच महिन्यात लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यांचं अध्यक्षीय भाषण झेपलं नाही. थोडे फेरफार करा म्हणाले. यांनी एका स्वल्पविरामालाही हात लावायला नकार दिला. परिषद बारगळली. तर भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, दीड हजार प्रती. त्याला अजून तीन आठवडेही झालेले नाहीत.

बसा. सुरू झालं.

तुम्हाला गर्जना अपेक्षित होती. टाळी मागणारं वाक्य, मग थांबणं, मग दुसरं. पुढारी म्हटला की आपल्याला तेच सुचतं. इथे मात्र नीट लिहून तयार केलेलं, मुद्दे पाडलेलं, वकिलाने न्यायाधीशापुढे मांडावं तसं भाषण चाललंय. फरक एवढाच की न्यायाधीश सतरंजीवर मांडी घालून बसलेत आणि त्यांतल्या बहुतेकांना सही करता येत नाही. पहिला खुलासाच बघा: ही परिषद फक्त महारांची का? कारण धर्माचा निर्णय ज्याचा त्या समाजाने घ्यायचा. इतरांच्या वतीने तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. मांडवात हे फारसं कुणाला भावलेलं दिसत नाही, लोक अजून जागा सावरताहेत. पण तुम्ही कान द्या. बोलायचा अधिकार कुठे संपतो, हे सांगून सुरुवात करणारा पुढारी रोज भेटत नाही.

मग ते नावाड्याचं बोलतात. धर्म बदलणं हा पोरखेळ नाही. नावाडी निघण्याआधी तयारी करतो, आणि तयारी करायची तर होडीत बसायला कितीजण राजी आहेत हे त्याला आधी कळायला हवं.

तुमच्या पुढचा कोकणी म्हातारा, तोच पाण्याचा, एकदम ताठ होतो. इतका वेळ तो मान डोलावत होता, कळत काहीच नव्हतं, हे मात्र कळलं. शेजाऱ्याला कोपराने ढोसतो.

‘बराबर हाय. तांडेल मानसं मोजतो आधी.’

‘आनी सामान?’

‘सामानाला इचारायचं नसतं रं. सामान नुसतं टाकायचं. इचारायचं मानसाला.’

म्हाताऱ्याला नमस्कार करा मनातल्या मनात. पुढाऱ्यांच्या नीतीवर पानंच्या पानं लिहिली जातात, त्याने ती आगबोटीच्या डेकवरून उचलली. तारा पाठवणाऱ्यांच्या हिशेबात मांडवातली माणसं सामान आहेत, इतके लाख नग, या धक्क्यावरून त्या धक्क्यावर. होडीवाल्याचा हिशेब वेगळा आहे. येवल्याची घोषणा सात महिने जुनी. आज यांनी नुसतं ‘चला’ म्हटलं असतं तरी हा सगळा मांडव उठून चालू लागला असता, कुठे म्हणून विचारलंही नसतं. ते त्यांना पुरतं माहीत आहे. तरीही ते कारणं सांगत बसलेत.

आणि कारणं सांगणं, खरं सांगू का, लांबतं. तुमच्या पायाला मुंग्या आल्यात. डाव्या हाताच्या पोराने तुमच्या बाहीवर लाळ गाळलीय. माणसाला तीन बळं लागतात, मनुष्यबळ, द्रव्यबळ, मानसिक बळ. आपल्याकडे यातलं काय आहे, याचा ताळेबंद चाललाय. मागच्या रांगांत अर्धं वाक्य पोचतं, उरलेलं पुढचा मागच्याला सांगतो, त्यामुळे मांडवात कायम एक कुजबुज फिरत असते आणि टाळी पुढे वाजली की मागे ती दोन श्वासांनी पोचते. एक तरुण उठून बाहेर जातो, बिडी ओढून येतो. त्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

मग ते मार खाण्याची यादी सुरू करतात, आणि कुजबुज बंद होते.

पोरगं शाळेत घातलं म्हणून मारलं. विहिरीवर गेलं म्हणून मारलं. नवरदेव घोड्यावर बसवला म्हणून मारलं. चांगलं कापड घातलं म्हणून, बायकोच्या अंगावर दागिना दिसला म्हणून, पाण्याला तांब्याचं भांडं वापरलं म्हणून, जमीन घेतली म्हणून, मेलेलं ढोर ओढलं नाही म्हणून, गावातून पायात जोडा घालून गेला म्हणून, जोहार घातला नाही म्हणून. वक्ता आवाज चढवत नाही. आता आजूबाजूला बघा. प्रत्येक कलमाला मांडवातला कुठला तरी कोपरा हलतो. जोड्याच्या वेळी तुमच्या उजव्या हाताचा हमाल आपला पाय आत ओढून घेतो. तांब्याच्या भांड्याच्या वेळी ती बाई पोराला घट्ट धरते. इतकी माणसं आणि इतक्या अंगांवर लिहिलेली यादी. वक्ता ती फक्त मोठ्याने वाचतोय. तुम्हाला घाम सुटलाय, तो उकाड्याचाच आहे असं समजा हवं तर.

मागच्या बाजूला एकजण पुटपुटतो. लाल बावट्यातला असावा. ‘धरम बदलून पगार वाढणार काय?’ त्याला चूप करायला दोघे वळतात, आणि एक वयस्कर माणूस त्या दोघांना चूप करतो. ‘बोलू दे. तेच तर सांगतायत, बोला म्हनून.’ त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आज मिळत नाही. दुसरा एक प्रश्न तर सगळ्यांच्याच जिभेवर आहे: हिंदू धर्म सोडायचा, मग धरायचा कोणता? व्यासपीठावरचे पाहुणेही पुढे सरकून बसलेत. पण नाव येत नाही. ते सांगत नाहीत, कारण त्यांचं स्वतःचं अजून ठरलेलं नाही, आणि न ठरलेलं ठरल्यासारखं सांगायचं नाही असा बाणा आहे.

हा बाणा महाग पडणार आहे. तुम्हाला पुढचं माहीत आहे, यांना नाही. होडी सुटेल ती 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात. वीस वर्षांनी. तो कोकणी म्हातारा तोवर नसेल. मांडवातले किती नसतील. विचार करून, वाचून, पारखून पाऊल टाकणाऱ्या पुढाऱ्याचं कौतुक आपण आज आरामात करतो. धक्क्यावर बसून राहिलेल्यांची वीस वर्षं त्या कौतुकात धरायची असतात. हे त्या म्हाताऱ्याला सांगू नका. सांगायचा मोह होईल.

आता शेवट जवळ आलाय, आवाज घोगरा झालाय. तुम्हाला वाटतं, आता तरी हुकूम येईल. येते ती बुद्धाची गोष्ट. अखेरच्या दिवसांत आनंद विचारतो, संघाला काही सांगून जा. बुद्ध म्हणतो, माझ्याकडून आणखी काय हवंय? मूठ झाकून मी काही ठेवलेलं नाही. दुसऱ्याच्या आधारावर राहू नका, स्वतःच स्वतःचा दिवा व्हा. आंबेडकर एवढं सांगतात, आणि आपणही तुम्हाला याहून वेगळं सांगत नाही, तुमची बुद्धी वापरा, अशा अर्थाचं बोलून कागद मिटतात.

टाळ्या. इतक्या की वरचं कापड थरथरतं. तुमच्या बाजूची बाई टाळ्या वाजवत नाही, पोर झोपलंय. ती फक्त म्हणते, ‘मंजे, आता आमीच ठरवायचं?’

ठराव मांडले जातात. सामुदायिक धर्मांतर करायचं. तोवर देवदेवतांची पूजा, सण, तीर्थयात्रा बंद. हात वर होतात, हातांचं रान उगवतं. तुमचा हात खाली ठेवा. तुम्ही पाहुणे आहात, तुमच्या पाठीवर ते वळ नाहीत.

बाहेर पडायला अर्धा तास लागेल. वहाण हरवली तर शोधू नका, जी सापडेल ती घाला. दोन पैशांच्या शेंगा घ्या, पोट ओरडतंय. चंद्र वर आहे, अर्ध्याहून बराच मोठा, आणि गिरण्यांच्या चिमण्या आज धूर ओकत नसल्याने स्वच्छ दिसतोय. चाळीपर्यंतच्या रस्त्यावर कुणीच सरळ चालत नाहीये. चार पावलं गेले की घोळका थांबतो, कुणीतरी कुणाच्या छातीवर बोट ठेवून काहीतरी पटवतो, मग पुढे. बोळात शिरलात की प्रत्येक दारातून तोच कलकलाट. एका खोलीत नवरा-बायको भांडताहेत, गणपतीवरून. एका खोलीत पोरं मजेत आहेत, उपास-तापास संपले म्हणून. एका खोलीत कोणी बोलत नाही.

तुमच्या खोलीत म्हातारी कोनाड्यासमोर बसलीय. थोरला टोपी खुंटीला लावतो. ती मागे न बघता विचारते:

‘टाकांचं काय करायचं, ते सांगितलं का सायबानी?’

‘पूजायचे न्हाईत, ठराव झाला.’

‘ते कळलं रं. पूजत न्हाई. पन ठेवायचे कुटं? समुद्रात टाकू? सोनाराला देऊ? ह्यांच्या बापाच्या हातचे हायेत. तेचं काय बोलले?’

‘तेचं कायच न्हाई बोलले.’

‘मग?’

‘म्हनाले, आपल्या बुद्धीनं चाला. दुसऱ्याला इचारू नका.’

म्हातारी वळून बघते. तुमच्याकडेही बघते, कारण तुम्हीही मांडवातून आलात. मग पदराने कपाळ पुसते आणि चुलीकडे सरकते. भाकऱ्या थापायच्या आहेत, दहा माणसांच्या.

‘लई शाना हाय तुमचा सायेब,’ ती पीठ काढता काढता म्हणते. ‘सगळं शिकला, सगळं बोलला, आनी कामाला लावलं ते आमालाच. बसा. पाव्हनं, तुमी पन बसा. जेवल्याबिगर कुनाला कायबी ठरवता येत न्हाई.’